ग्रेड मशीनच सांगणार

"तीन कपाटांएवढी होती ना ती मशीन, मामाजी? मी ती तुमच्या तळहातावर ठेवून दाखोतो. अन् तिच्यासारखी दुसरी नाई, तीच."

शालिग्राम हे सासऱ्यांपुढे, म्हणजे भगवानरावांपुढे, बोलून गेला आणि पुढचं सगळं रामायण इथूनच सुरू झालं.

बोलून गेला त्याला कारण होतं. वरवट बकालच्या त्या घरात बसायला जागा नव्हती, आणि फार वेळ उभं ठेवलं की माणसाच्या तोंडून भलतंसलतं निघतं. घरात कापूस होता. ओसरीत कापूस, मधल्या खोलीत आढ्याला टेकलेला कापूस, देवघराच्या दाराशी फळी लावून अडवलेला कापूस. भगवानरावांनी तो दिवाळीपासून कोंबून ठेवला होता. आता २००७ ची होळी तोंडावर आली तरी ते विकायचं नाव काढत नव्हते. सासूबाईंनी, म्हणजे पुष्पाबाईंनी, चुलीजवळच्या कोपऱ्यात खाट टाकली होती. कापसातल्या बारीक किड्यांनी त्यांचे हात खाजून खाजून लाल झाले होते.

"जावईबापू, तुम्हीच काही करा," त्या म्हणाल्या. "मी यायले म्हनलं, या घरात एक तं कापूस राहील नाई तं मी. तं हे म्हणते, विचार करून सांगतो."

"विचार करनं काही वाईट आहे का?" भगवानराव कापसाच्या पलीकडून बोलले. त्यांचं नुसतं डोकं दिसत होतं.

"होळीच्या आत घर रिकामं झालं नाई तं मी रोहिणखेडले भावाकडं चालली. अन् परत येनार नाई."

ही धमकी नव्हती. पुष्पाबाईंची पेटी खाटेखाली बांधून तयार होती आणि शालिग्रामला ती दिसत होती.

झालं होतं असं. दिवाळीत भगवानराव कापसाची ट्रॉली घेऊन जळगाव जामोदला गेले. कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या शेषराव नावाच्या व्यापाऱ्यानं ट्रॉलीतून मूठभर कापूस ओढला, धागा ताणून पाहिला आणि म्हणाला, "दुसरा ग्रेड." भगवानरावांनी ट्रॅक्टर तिथल्या तिथे वळवला. आयुष्यभर पहिल्या ग्रेडचा कापूस पिकवलेला माणूस! शेषरावांनी दोनदा निरोप पाठवला, एकदा स्वतः येऊन गेले, तर भगवानरावांनी त्यांना काठी दाखवली.

"नुसत्या डोयानं पाहून ग्रेड सांगते?" हा त्यांचा मुद्दा होता. "आपल्या संस्थेच्या जिनिंगात मशीन होती. काटापट्टी छापून देत होती. तिले ना कोनाची सोयरीक, ना कोनाचा मुलाहिजा. ते मशीन सांगल तवाच मी कापूस विकीन."

आणि ती मशीन तर कधीच भंगारात गेली होती. म्हणजे कापूस कधीच विकला जाणार नव्हता. हे ऐकून शालिग्रामनं वरचं वाक्य बोलून टाकलं.

त्या मशीनची हकीकत सांगायला हवी. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका जिनिंग संस्थेच्या अध्यक्षांना वाटलं की काळाच्या पुढे जावं. त्यांनी मिनीकॉम्प्युटर आणला. नावाला मिनी, अंगाने तीन कपाटं. समोर दिव्यांच्या रांगा, खाली खटक्यांच्या रांगा. त्याच्यासाठी काचेची गार खोली बांधली. अख्ख्या तालुक्यात ती एकच खोली गार, त्यामुळे संस्थेतल्या प्रत्येकाला दिवसातून एकदा तरी तिथे काम निघायचं. शेतकरी गाडी घेऊन आला की अर्जुनराव ग्रेडर कापसाचा मूठभर नमुना घ्यायचे, कागदात गुंडाळायचे आणि काचेच्या खोलीत शिरायचे. काचेपलीकडे दिवे पळायचे. थोड्या वेळाने खिडकीतून छापील पट्टी बाहेर यायची, तिच्यावर नाव, वजन, ग्रेड. बाहेर उभ्या शेतकऱ्यांनी यातून जो अर्थ काढायचा तो काढला होता: नमुना मशीनला दाखवतात, आणि मशीन ग्रेड सांगते. शालिग्रामही लहानपणी वडिलांचा हात धरून त्या काचेला नाक लावून उभा राहिलेला. त्यानेही तोच अर्थ काढला होता. पुढे तो इलेक्ट्रॉनिक्स शिकला, पॉलिटेक्निकात शिकवायला लागला, पण लहानपणी काढलेला अर्थ परत तपासून पाहायचं कोणाला सुचतं?

गेली दोन वर्षं तो फावल्या वेळात ती मशीन पुन्हा उभी करत होता. हल्ली एक चिप मिळते, ती कोऱ्या पाटीसारखी असते. आतल्या जोडण्या कशा करायच्या ते आपण लिहून द्यायचं. घड्याळाचा नकाशा दिला तर ती घड्याळ होते, जुन्या मिनीकॉम्प्युटरचा नकाशा दिला तर मिनीकॉम्प्युटर होते. सोंग आणत नाही, होते. हा फरक शालिग्राम बायकोला, म्हणजे रुख्मिणीला, पुन्हा पुन्हा समजावून सांगायचा. ती "हाव का?" म्हणायची आणि भाजी निवडत राहायची.

नकाशे मिळाले होते अब्दुल गनींकडून. गनीचाचा त्या मशीनचे ऑपरेटर. संस्था बंद पडली तेव्हा ते नकाशांची जाडजूड बाडं घरी घेऊन आले होते, कारण बिर्याणीचं डेगचं ठेवायला ती बरी पडायची. शालिग्रामनं ती बाडं पुसून पानन् पान चिपमध्ये उतरवलं. मशीन जिथे अडखळायची तिथे चिपही अडखळली पाहिजे, असा त्याचा हट्ट होता. नक्कल करायची तर दोषांसकट करायची, नाहीतर ती नक्कल कसली, असं तो वर्गातही सांगायचा.

राहिला प्रोग्राम. तो कागदी फितीवर होता, फितीला बारीक भोकं पाडलेली. बाकीच्या फिती पुतणीच्या लग्नात मांडवाला तोरणं म्हणून लागल्या होत्या, पण काटापट्टीची फीत गनीचाचांनी शेवयांच्या डब्यात जपून ठेवली होती. शालिग्रामनं ती वाचायचं यंत्रही केलं होतं. पण चाचा फीत हातात देईनात.

"एकदा चालवून तं पाहू द्या, चाचा."

"दुल्हनचा घुंगट लग्नाच्या आधी नाई उचलत, सर. ज्या दिवशी पट्टी छापायची त्या दिवशी मी आनीन. माह्या हातानं लावीन."

शालिग्राम ठीक म्हणाला. चिप ठणठणीत होती, त्याचे स्वतःचे छोटे प्रोग्राम त्यावर पळत होते. मग फितीत असं काय वेगळं निघणार होतं?

पहिलं विघ्न आलं ते आकाराचं. भगवानराव मुद्दाम जळगाव जामोदला जावयाच्या घरी मशीन पाहायला आले. शालिग्रामनं शब्द दिल्याप्रमाणे ती त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उलटीपालटी केली.

"हे?"

"हाव, मामाजी."

"हे तं चुन्याच्या डबीएवढं आहे. हे माह्या कापसाले ओळखनार?" त्यांनी ती परत केली. "जावईबापू, राग नका मानू. पन अशानं माह्या मनाचं समाधान नाई होत."

शालिग्रामला राग आला नाही, भीती वाटली. पुष्पाबाईंची पेटी डोळ्यांपुढे आली. त्याने त्याच संध्याकाळी रुख्मिणीचं साड्यांचं लोखंडी कपाट रिकामं केलं, दाराला भोकं पाडून दिव्यांच्या आणि खटक्यांच्या रांगा बसवल्या आणि आत एका फळीवर ती डबी ठेवून दिली. कपाट जुन्या मशीनसारखं दिसायला लागलं. भगवानराव पुन्हा आले, दिवे पळताना पाहून हात जोडून उभे राहिले.

"हे झाली मशीन," ते म्हणाले.

"साड्या पलंगावर, पलंगावरची मानसं खाली, अन् अख्ख्या कपाटात टिकलीएवढी चिप," रुख्मिणी म्हणाली. "माहेरी कापूस, सासरी हे. बाईमाणसानं राहावं तरी कुठी?"

शालिग्रामनं पलंगावरची साड्यांची चळत सारखी केली. पण मशीन मामाजींना पटली होती, तेवढ्यावर तो खूश होता. मामाजींना एखादी गोष्ट पटली की ती ते पोटात ठेवत नाहीत, हे मात्र तो विसरला.

भगवानरावांनी बाजाराच्या दिवशी वरवट बकालमध्ये सांगितलं की संस्थेची मशीन परत आली. ऐकणाऱ्यानं पुढे सांगितलं की संस्थाच परत सुरू होऊन राह्यली. त्याच्या पुढच्यानं सांगितलं की बीटीचं पाकीट नुसतं मशीनपुढे धरलं तरी बियाणं खरं का बोगस ते कळते. रविवारी सकाळी शालिग्राम दात घासत दाराशी आला तेव्हा गल्लीच्या तोंडापर्यंत कापसाच्या ट्रॉल्या लागल्या होत्या. भाव चढेल म्हणून घरोघरी कापूस दाबून बसलेले सगळे आले होते. काहींच्या खिशात नुसतीच बियाण्याची पाकिटं होती. दूधवाला अडकला होता. एक गोऱ्हा शेवटच्या ट्रॉलीतला कापूस निवांत खात होता.

सगळ्यात पुढची ट्रॉली भगवानरावांची, आणि कापसाच्या ढिगावर पुष्पाबाई बसलेल्या. शेजारी त्यांची पेटी.

"आई, पेटी काऊन आनली?" रुख्मिणीनं विचारलं.

"इथून रोहिणखेडची गाडी सोपी पडते," पुष्पाबाई म्हणाल्या. "कापूस विकला तं घरी, नाई तं तिकडं."

शेषरावही मोटरसायकलवरून आले होते. भाचीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आलो म्हणाले, पण पत्रिका खिशातून काही काढली नाही. ओट्यावर एका बाजूला बसून राहिले.

मग गनीचाचा आले. त्या काळातला सफारी घातलेला, खिशाला पेन, हातात शेवयांचा डबा. "चपला बाहेर," त्यांनी सगळ्यांना बजावलं.

"चाचा, या चिपले धुयीचं काही नसते," शालिग्राम हळूच म्हणाला.

"मशीनले नसेल, सर. मले असते."

खरेदी सुरू करायची तर काट्याची पूजा आलीच. काटा नव्हता, म्हणून पुढच्या खोलीत दारासमोर ठेवलेल्या कपाटाची झाली. कोणीतरी खटक्यांना कुंकू लावलं. नारळ फुटला आणि पाणी कपाटाच्या दारावर उडालं, तेव्हा शालिग्राम रुमाल घेऊन धावला. पण दिवे पळतच राहिले. गनीचाचांनी फीत लावली, नवरीच्या अंगावरचा शेला सारखा करावा तशी दोन बोटांनी सरळ केली आणि हळूहळू ओढली. दिव्यांची चाल बदलली. कॉलेजातून आणलेला जुना प्रिंटर कर्कश ओरडला आणि कागदावर संस्थेचं नाव उमटलं. गर्दीतून एक हुंकार गेला. ज्यांनी ते नाव शेवटचं पाहिलं होतं ते आता म्हातारे झाले होते, आणि त्यांच्यातल्या दोघांनी टोप्या काढल्या. दोन वर्षं आपण जे करत होतो ते काय होतं, हे शालिग्रामला पहिल्यांदाच नीट दिसत होतं.

प्रिंटरनं नाव विचारलं. चाचांनी कीबोर्डवर ते टाकलं. गाडी नंबर विचारला, वजन विचारलं, ते भगवानरावांनी अदमासानं सांगितलं. चाचांची बोटं जुन्या सवयीनं पळत होती. मग प्रिंटर पुन्हा ओरडला, एकच शब्द छापला आणि थांबला.

ग्रेड?

दिवेही थांबले. भगवानराव कपाटाकडे पाहत होते. "आता सांगल," ते शेजारच्याला म्हणाले.

कपाट काही बोललं नाही. गोऱ्ह्याच्या चावण्याचा आवाज तेवढा येत होता.

"काही अडकलं वाटते," शालिग्राम म्हणाला. त्याने कपाट उघडलं, तारा दाबल्या, डबी बंद करून पुन्हा सुरू केली. चाचांनी फीत पुन्हा ओढली. संस्थेचं नाव, गाडी, वजन, आणि पुन्हा तेच. ग्रेड? शालिग्राम गर्दीकडे वळला. "लोकहो, जरासा बिघाड आहे, मी आत्ता..."

"बिघाड कशाचा?" गनीचाचांना हे लागलं. "मशीन एकदम ओरिजिनल आहे, सर. पहिल्या दिवसापासून हे असंच विचारते. मंग अर्जुनराव सांगत, मी टाकत होतो."

"अर्जुनरावले कोन सांगत होतं?"

"कोन सांगनार? ते कापूस पाहत. डोयानं. अन् अंगठ्यानं धागा ओढून."

"मंग नमुना घेऊन आत काऊन जात होते?"

"आत गार होतं ना."

शालिग्राम कपाटाला टेकला. मशीनची तारन् तार त्याने स्वतः जोडली होती. तिला डोळा नाही हे त्याच्याएवढं कोणाला माहीत असणार? पानन् पान उतरवलं, आणि एकदाही मनात आलं नाही की ग्रेड आत येतो कुठून. नक्कल मात्र इतकी तंतोतंत झाली होती की मशीन आजही तिथेच थांबली जिथे ती रोज थांबायची. त्याने ओट्याकडे पाहिलं. शेषराव हसत नव्हते, उलट चपलेच्या अंगठ्याकडे पाहत होते. पुष्पाबाईंनी पेटीच्या कडीत हात घातला होता.

"बोला," गनीचाचा बोटं तयार ठेवून म्हणाले. "ते थांबून राह्यली. कोनीतरी सांगा."

मग भगवानराव उठले. ट्रॉलीपाशी गेले, ढिगात खोल हात घातला आणि मूठभर कापूस घेऊन ओट्यावर येऊन बसले.

मुठीतल्या कापसातली सरकी ते बोटानं चाचपू लागले. पूर्वी देशी वाणाची सरकी ते स्वतः निवडायचे, चांगल्या झाडाला चिंधी बांधून ठेवायचे, धागा असाच अंगठ्यावर ओढून पाहायचे. मग बीटी आलं. पाकीट कोणतं घ्यायचं ते दुकानदारानं सांगितलं, औषध कोणतं मारायचं ते एजंटनं सांगितलं. यंदा पानं लाल पडली, झाडं उभ्याउभ्या सुकली, तेव्हा शेतीखात्याचे साहेब येऊन लाल्या रोग आला असं सांगून गेले. सगळे सांगतच होते. तुम्हाला काय वाटतं, भगवानराव, असं इतक्या वर्षांत त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आज पहिल्यांदा विचारलं ते रुख्मिणीच्या साड्यांच्या कपाटानं, आणि शालिग्रामला वाटलं, आपण काय बनवलं ते आपल्यालाच माहीत नव्हतं.

त्यांनी धागा ओढला. तो लवकर तुटला. पुन्हा ओढला. कापूस उजेडाकडे धरला. घरात राहून त्याला पिवळट झाक आली होती, आणि त्यात देवघराच्या उदबत्तीची राखही दिसत होती.

"तिसरा," ते म्हणाले.

चाचांनी मान वर केली. "पक्कं?"

"मशीननं विचारलं तं खरं सांगा लागते. तिसरा टाका."

प्रिंटर ओरडला. पट्टी बाहेर आली. भगवानरावांनी ती हातात घेतली आणि एवढे महिने ताठ असलेली त्यांची मान खाली आली. शालिग्रामला वाटलं, पुढे होऊन त्यांचा हात धरावा. पण त्याच्या आधी शेषराव उठले. त्यांनीही ट्रॉलीतून मूठभर कापूस ओढला, धागा ताणला.

"तिसरा नाई, मामा. दुसराच आहे. मी दिवाळीले हेच म्हनलं होतं."

"तिसरा आहे."

"अहो, मी घेनारा. मी दुसऱ्याचा भाव देऊन राह्यलो."

"मले दुसऱ्याचा नाई पाह्यजे," भगवानरावांची मान पुन्हा ताठ झाली. "तुम्ही काय डोयानं पाहून सांगता? पट्टीवर तिसरा छापला आहे. घ्याचं असन तं तिसऱ्यानं घ्या, नाई तं मी ट्रॉली वळवतो."

गर्दीत कोणीतरी कपाळावर हात मारला. रुख्मिणीनं आईकडे पाहिलं. पुष्पाबाई ट्रॉलीवरून उतरायला लागल्या होत्या, पेटी घेऊन.

"दाखवा बरं ती पट्टी," शेषराव घाईघाईनं म्हणाले. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून वाचली. "मामा, ही पट्टी नाई चालत. यावर साल एकोणीसशे सात आहे."

सगळ्यांनी शालिग्रामकडे पाहिलं. मग तो समजावू लागला की जुन्या मशीनला सालाचे शेवटचे दोनच आकडे ठेवता येत, त्यांच्या आधीचे एकोणीस ती आपलं आपण छापते, आणि नक्कल तंतोतंत व्हावी म्हणून आपण तो दोष मुद्दामच... पण कोणी ऐकत नव्हतं.

"एकोणीसशे सात?" भगवानराव पुटपुटले. "तवा तं माहा बापही जन्मला नव्हता. जावईबापू, मशीन खोटं बोलते?"

शालिग्रामनं गनीचाचांकडे पाहिलं, चाचांनी शेवयांच्या डब्याचं झाकण लावलं.

पुष्पाबाई ओट्यापाशी आल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातात पेटी दिली, शेषरावांच्या हातून पट्टी घेतली, लाल हातांनी ती उजेडाकडे धरली आणि नीट वाचली.

"खोटं कायले बोलन?" त्या म्हणाल्या. "बरोबर आहे साल. तवापासूनच कापूस माह्या घरात आहे. शेषराव, घ्या गाडी काट्यावर, दुसऱ्यानं."

भगवानरावांनी एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा कपाटाकडे. मग त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला गाडी काढायला सांगितलं.